एक सोडून एक

जाळीची चार भेंडोळी मागच्या अंगणात चार दिवस पावसात पडून होती आणि सुमित्रा चार दिवस खिडकीतून त्यांच्याकडे बघत होती. पाऊसही असा, की पडतो म्हणावा तर आवाज नाही आणि थांबला म्हणून दार उघडावं तर तोंडावर येतो. अमेरिकेत, या रेडमंडला ऑक्टोबर लागला की तो असा मुक्कामालाच येतो, उन्हाळ्यापर्यंत हलत नाही, असं सगळे सांगत होते. सगळे म्हणजे तिचा मुलगा सिद्धेश, सून देवयानी आणि दोन गल्ल्या पलीकडच्या शोभनाकाकू. सुमित्राला इथं बोलायला एवढीच माणसं होती.

ती एप्रिलमध्ये आली. "आता कायमचं इथंच राहायचं, आई. खूप केलंस," असं सिद्धेश विमानतळावर म्हणाला होता. खूप केलंस म्हणजे आता काही करू नकोस, हे तिला हळूहळू कळलं. भांडी यंत्रात, कपडे यंत्रात. केर काढायला एक चपटा डबा घरभर आपला आपण फिरे, तो आला की सुमित्रा पाय वर घेऊन बसे. देवयानी स्वभावानं चांगली होती. "आई, तुम्ही रेस्ट करा ना," असं ती दिवसातून दहादा म्हणे आणि वर जाऊन ऑफिसच्या मीटिंगला बसे. सुमित्रा बसून राही. जे गुडघे चाळीस वर्षं उन्हातान्हात कधी बोलले नव्हते, ते गालिच्यावर बसून दुखायला लागले.

शोभनाकाकूंकडून विषय निघाला तो कोंबड्यांचा. काकू रिटायर डॉक्टर. पंचेचाळीस वर्षं इथं काढलेली, बोलायला फटकळ. त्यांचे यतीनकाका गुडघ्यांनी अधू झाले म्हणून दोघं आता जर्सी सिटीला लेकीजवळ जाणार होते.

"सतराव्या मजल्यावर कोंबड्या नेऊन काय लिफ्टमध्ये सोडू?" काकू म्हणाल्या. "पाच आहेत. कुणीतरी घ्या रे बाबांनो."

"मला द्या," सुमित्रा म्हणाली.

सिद्धेश आणि देवयानीनं एकदमच तिच्याकडे बघितलं. सहा महिन्यांत तिनं पहिल्यांदा काही मागितलं होतं.

"देईन," काकू म्हणाल्या, "पण खुराडं मी तपासणार. इथं रॅकून आहेत. मांजराहून मोठं जनावर, आणि हात कसे, माणसाच्या पोरासारखे. कड्या काढतात मेले. माझ्या तीन नेल्यात. जाळी पक्की दिसली नाही तर कोंबड्या दुसऱ्या फॅमिलीला जातील. राग मानायचा नाही."

"आणि काही झालं तर लगेच परत करायच्या, आई," सिद्धेशनं आपलंही त्यात घातलं. "मला वीकेंडला हे निस्तरत बसायला वेळ नाही."

सुमित्रा दोन्हीला हो म्हणाली. पाच कोंबड्या म्हणजे सकाळी उठून बाहेर जायला काहीतरी कारण. ती कशालाही हो म्हणाली असती.

शनिवारी सिद्धेशनं खांब रोवले. कमरेइतके खड्डे घ्यायचे तर त्याच्या हाताला फोड आले. सॉफ्टवेअरवाल्याचा हात. सुमित्रा खांब धरून उभी होती. खांब जमिनीवर सहा फूट उंच आणि जाळी चार फूट रुंद, म्हणजे खाली एक पट्टा, वर एक पट्टा, आणि मधे चारी बाजूंनी सांधा. सगळं खुराडं त्या सांध्यावर उभं राहणार, हे तिला बघताक्षणी कळलं.

सिद्धेशनं खिशातून एक पाकीट काढलं. "झिप टाय आणलेत. ओढलं की लॉक होतं."

"प्लास्टिकनं जाळी बांधतात होय रं?"

"सगळे तसंच करतात. व्हिडिओत बघितलं मी. दर दोन इंचाला एक."

"दोन इंचाला?" सुमित्रा हसली. कितीतरी महिन्यांत ती अशी मोकळी हसली नव्हती. "दोन इंचाला एक बांधायला ह्या कोंबड्या हायत का हत्ती? ठेव ते. तार आण. आणि एक मोठा खिळा."

"आई, उगाच—"

"आण म्हणते ना."

तार आली, खिळा आला. सुमित्रानं खिळा गॅरेजमधल्या वाइसच्या जबड्यात धरला, टोक हातोडीनं मारून मारून वळवलं आणि डोक्याकडच्या बाजूला जुन्या पायमोज्याची चिंधी गुंडाळली. आकडा तयार झाला. तिनं तो मुठीत धरून हवेत दोनदा फिरवला. एकोणीस वर्षांनी फिरवला, पण मनगटाला काही सांगावं लागलं नाही.

सिद्धेश बघत होता. त्यानं कुंपणापलीकडे नजर टाकली, मग आवाज खाली आणून म्हणाला, "पक्कड आहे की. हे कशाला?"

"पक्कडीनं हात भरून येतो. आकड्यानं तार आपली फिरते."

"बरं. काकूंसमोर नको फक्त."

सुमित्रानं आकडा पदराआड केला. का नको, ते तिनं विचारलं नाही. तिला माहीत होतं.

सिद्धेशचा बाप प्रताप सळई बांधणारा होता, काँक्रीट ओतायच्या आधी आतल्या सळया तारेनं बांधणारा. आटपाडीकडनं निघाला तो कालव्याच्या पुलांमागं फिरला, मग पुण्यात स्लॅबांमागं. सुमित्रा पाट्या वाहायची. एका पावसाळ्यात सळयांच्या मोळीखाली प्रतापची दोन बोटं चेंगरली आणि आकडा तिनं उचलला. बाईनं सळई बांधायची म्हणून मुकादम एक दिवस हसला. दुसऱ्या दिवसापासून खांबांच्या बुडख्याचं काम तिच्याकडे आलं, कारण तिथं वाकून बसायला पुरुष कुरकुर करत. चौदा वर्षं ती बांधत होती. सिद्धेश तारेचे हातहातभर तुकडे करून द्यायचा, पण आकड्याला हात लावला की बाप त्याच्या हातावर मारायचा. "हा तुझ्या हातात दिसला तर हात मोडीन. पुस्तक धर." आकडा पोराच्या हाती कधी द्यायचा नाही, अशी सुमित्राला तर त्यानं शपथच घातली होती. पोरगा शिकला, इथवर आला. देवयानीच्या घरी त्यानं सांगितलं, "बाबा कन्स्ट्रक्शनमध्ये होते." ते खोटं नव्हतं. आईचं काही सांगितलंच नव्हतं.

सोमवारपासून सुमित्रा एकटीच कामाला लागली. सिद्धेश सकाळी कंपनीच्या बसनं जाई तो अंधार पडताना येई. आधी तिनं खांबाखांबांमधून चर खोदला, जाळी हातभर जमिनीत गाडायची म्हणून. इथली माती काळी नाही, लालही नाही. वर पाइनच्या काड्यांचा थर, खाली मुळं, त्याखाली गोटे. फावडं दर खेपेला ठण्णकन वाजे आणि झिणझिण्या खांद्यापर्यंत जात. तीन दिवस चरातच गेले. पाठ अशी धरली, की जेवायला आत जाताना ती वाकलेलीच जाई आणि ओट्याला धरून सरळ होई.

गुरुवारी देवयानी रबरी बूट घालून चहा घेऊन आली.

"आई, ग्लव्हज तरी घाला! किती कट झालेत बघा."

"घातलं की तार कळत नाही."

देवयानी उलट्या बादलीवर बसली. सुमित्रा जाळीचा खालचा पट्टा ताणून उभा करत होती. मग तिनं वरच्या पट्ट्याची कड खालच्या कडेवर दोन चौकोन चढवली, तार दुहेरी केली, दोन्ही जाळ्यांतून पलीकडे घातली, टोकं अलीकडे घेतली आणि आकडा अडकवून मनगट दोनदा फिरवलं. गाठ बसली. मग वीत टाकली, दुसरी वीत टाकली, तिथं पुढची गाठ.

"वॉव. हे तुम्ही कुठं शिकलात?"

सुमित्रानं आकडा तारेतून काढला. "ह्यांच्याकडनं. कामावर असायचे ना."

"बाबांची साइट होती तेव्हा?"

साइट बाबांची नव्हती, बाबा साइटचे होते. "हं, तेव्हाच," सुमित्रा म्हणाली आणि पुढची वीत टाकली.

"मी एक बांधून बघू?"

"नको गं. टोक लागंल. मीटिंग नाही का तुला?"

"कॅन्सल झाली." देवयानी तशीच बसून राहिली. पाऊस तिच्या जॅकेटवर बारीक टपटपत होता. जाताना ती म्हणाली, "तुम्ही इथं घरात कधी अशा दिसत नाही, आई."

"कशा?"

देवयानी नुसती हसली. कप घेऊन ती आत गेली.

शनिवारपर्यंत छपराचा पत्रा चढला, दार बसलं, आत कोंबड्यांना बसायला आडवी दांडी लागली. सिद्धेशनं खांबांना जाळी स्टेपल गननं ठोकली. ताणून बांधल्यामुळे दोन्ही कडा एकमेकींवर इतक्या चपट्या बसल्या होत्या, की सांधा हात फिरवून शोधावा लागे. गाठी एका रेषेत, एका अंतरावर, सगळी टोकं आत मुडपलेली. सुमित्रा चारी बाजूंनी फिरून आली. मनगट सुजलं होतं, अंगठ्याचं पेर बधिर होतं, पण बऱ्याच दिवसांनी तिला जेवण गोड लागलं.

रविवारी शोभनाकाकू आल्या. खुराड्याला फेरी मारली, जाळी धरून हलवली, दाराची कडी तीनदा काढली-घातली.

"अगं बाई, हे तर माझ्यापेक्षा भारी आहे. सिद्धेश, इतकं सुबक कुणी बांधलं?"

सुमित्रानं हात पदराला पुसले.

"आईनं," सिद्धेश म्हणाला. "तिला विणकामाचा नाद आहे ना पहिल्यापासून. स्वेटर वगैरे. त्यामुळे हात बसलेला."

"असं होय! मग यतीनला एक कानटोपी विणा ना, सुमित्राताई. जर्सी सिटीला वारं फार असतं म्हणे."

"विणीन की," सुमित्रा म्हणाली. तिनं जन्मात दोन सुया धरल्या नव्हत्या.

सिद्धेश जमिनीकडे बघत होता. देवयानीनं त्याच्याकडे बघितलं, मग सासूच्या कापलेल्या बोटांकडे बघितलं.

कोंबड्या आल्या. दोन तांबड्या, एक काळी, एक ठिपक्यांची, तिला काकूंनी सासूबाई नाव ठेवलं होतं, कारण ती येणाऱ्याजाणाऱ्याला टोचायची. आणि एक सोनेरी, म्हातारी, मंद. तिचं नाव कांचन. चौघी सांज झाली की दांडीवर एकमेकींना चिकटून मधे बसत. कांचन मात्र पार टोकाला, जाळीला पाठ लावून बसे. सुमित्रानं तिला दोनदा उचलून मधे ठेवली, दोन्ही वेळा ती सरकत सरकत टोकाला गेली.

"ऱ्हा बाई तिथं," सुमित्रा म्हणाली. "मलाबी भिंतीकडंचीच जागा लागते."

तीन दिवस ती उजाडताच बाहेर जाई. दाणे टाकी, पाणी बदली, अंडी ओच्यात घेऊन आत येई. देवयानी तिला रेस्ट करा म्हणायची विसरून गेली.

गुरुवारी सकाळी ती गेली तेव्हा कोंबड्या ओरडत नव्हत्या. हे पहिलं खटकलं. चौघी कोपऱ्यात एकावर एक चढून बसल्या होत्या. सासूबाईची शेपटी उपटलेली होती. दांडीच्या टोकाला जाळी बाहेरच्या अंगाला फुगली होती, तिथं सोनेरी पिसं अडकली होती आणि कांचन निम्मी आत, निम्मी बाहेर होती. पंख आणि मान बाहेर ओढून नेलेली. आतलं तसंच जाळीला लटकून.

सुमित्रानं दाणे खाली ठेवले. आधी तिनं गाठी बघितल्या. फुगवट्याच्या डावीकडची गाठ चाचपली, ती घट्ट होती. उजवीकडची चाचपली, तीही घट्ट. एकही गाठ सुटली नव्हती, एकही तार तुटली नव्हती. जनावरानं गाठीला हातच लावला नव्हता. दोन गाठींच्या मधे, जिथं दोन विती नुसती जाळीवर जाळी टेकलेली होती, तिथं त्यानं बोटं घातली, कड उचलली आणि हात आत घातला होता.

ती तिथंच चिखलात बसली. पाऊस थांबला होता, झाडांवरून थेंब तेवढे पडत होते. एक सोडून एक. पहिल्या दिवशी प्रतापनं शिकवलेलं. सळईवर सळई आली की एक चौक बांधायचा, एक सोडायचा, सगळे बांधले तर तार फुकट जाते आणि मुकादम ओरडतो. चौदा वर्षं ते बरोबरच होतं. तारेनं सळया धरायच्या त्या काँक्रीट पडेपर्यंत. पुढं काँक्रीट धरतं, तार आत गंजून गेली तरी चालते. आणि इथं तिनं तशीच बांधणी केली, जणू उद्या वरून काँक्रीट ओतायला माणसं येणार होती.

तिनं कांचनला सोडवून काढलं. पिसं तारेतून एकेक काढावी लागली.

सिद्धेश बाहेर आला तो ऑफिसची बॅग खांद्याला लावून. बघितलं आणि बॅग पायरीवर ठेवली.

"आई, दोन इंच म्हटलं होतं ना मी?"

"व्हय."

"मग?"

ती खाली पडलेली पिसं गोळा करत राहिली. तो फोन काढून वळला. "काकूंना सांगायला हवं. बाकीच्या तरी वाचू दे."

शोभनाकाकू तासाभरात गाडी घेऊन आल्या, मागच्या सीटवर पिंजरा होता. त्यांनी कांचनला बघितलं, टॉवेल बाजूला करून बराच वेळ बघितलं. सहा वर्षांची होती, म्हणाल्या. मग जाळीपाशी जाऊन फुगवट्यात आपली चार बोटं घालून बघितली. बोटं सहज गेली.

"हे कसं राहिलं, सिद्धेश? बाकी इतकं नीट केलंत आणि मधे एवढं अंतर?"

सिद्धेशनं तोंड उघडलं.

"माझी चूक हाय ती," सुमित्रा म्हणाली. "बांधणी सगळी माझी. त्यानं दोन इंचाला बांध म्हणून सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही. विणकामात चालतं तसं, वाटलं इथं चालंल."

विणकामात. सिद्धेशचं तोंड उघडं ते तसंच राहिलं.

"सुमित्राताई, तो आज परत येणार. त्याला जागा कळली आहे. मी घेऊन जाते चौघींना."

"एक दिवस द्या." सुमित्रा उठून उभी राहिली. गुडघ्यापासून खाली लुगड्याला चिखल होता. "दिवस मावळायच्या आत मी सगळा सांधा बांधते. उद्या सकाळी या आणि बघा. एक जरी बोट आत गेलं तरी न्या. मी शब्द काढणार नाही."

"आणि आज आणखी एक गेली तर?"

"नाही जायची."

काकू तिच्या सुजलेल्या मनगटाकडे बघत होत्या. डॉक्टरची नजर. "ह्या हातानं?" त्या म्हणाल्या. पण पिंजरा गाडीतून काढला नाही. "उद्या आठला येते. पिंजरा घेऊन येते."

सुमित्रानं तार घेतली. चारी बाजू धरून चाळीस फूट सांधा, दर दोन इंचाला गाठ, अडीचशेच्या आसपास गाठी. पहिल्या पन्नास तिनं अकरापर्यंत बांधल्या. तार दुहेरी करायची, पलीकडे घालायची, पलीकडे जाऊन टोकं अलीकडे ढकलायची, परत अलीकडे यायचं. एकट्या माणसाला प्रत्येक गाठीला दोन फेऱ्या. आणखी वीसेक गाठी झाल्यावर देवयानी आली आणि काही न विचारता जाळीच्या आतल्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"इकडून मी ढकलते. मीटिंग कॅन्सल केली."

सिद्धेश घरातच होता. बस चुकवली होती. खिडकीतून तो दिसत होता, लॅपटॉप उघडा, पण नजर बाहेर.

पाऊस परत आला. शंभरावी गाठ होता होता सुमित्राच्या अंगठ्याला काही कळेना. आकडा धरलाय की नाही हे बघून ठरवावं लागे. दीडशेला मनगट फिरेना. ती हात फिरवी आणि आकडा तारेतून निसटून खाली पडे. उचले, अडकवी, परत पडे. तिनं डाव्या हातानं करून बघितलं. डाव्या हाताची गाठ उलटी बसे आणि सैल राही. ती तिनं कापून टाकली.

तीन वाजले होते. सहानंतर इथं काही दिसत नाही.

"दे इकडे," सिद्धेश म्हणाला. तो कधी बाहेर आला ते तिला कळलं नव्हतं.

"तू जा. लॅपटॉप उघडा ठेवून आलास."

"आई, दे."

तिनं आकडा मुठीत आवळला. तेवढीच ताकद उरली होती. "बापानं शपथ घातलीय मला."

"माहीत आहे. मी तिथंच होतो." तो तिच्याशेजारी उकिडवा बसला. इस्त्रीची पँट चिखलात टेकली. "सकाळी विणकाम का म्हणालीस?"

"तू म्हणाला होतास म्हणून."

तो जाळीकडे बघत राहिला. आतल्या बाजूला देवयानी तारेचा तुकडा हातात धरून उभी होती. तिला सगळं ऐकू जात होतं.

"काँक्रीट पडतं तिथं, पोरा," सुमित्रा म्हणाली. तिचा आवाज दमलेला होता, रडका नव्हता. "एक सोडून एक बांधलं तरी काँक्रीट सांभाळून घेतं. इथं कोण सांभाळणार, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. हात चालत राहिले, म्हणून मीबी चालत राहिले."

त्यानं तिची बोटं एकेक करून उघडली आणि आकडा काढून घेतला. तिनं घेऊ दिला.

पहिली गाठ त्यानं इतकी पिळली, की तार तुटली. दुसरी सैल राहिली.

"दोनदा फिरव. तिसऱ्यांदा अर्धंच. तार ओढ लागली की सांगते, तिथं थांब."

"कुठं सांगते?"

"मनगटात. गप ऱ्हा म्हणजे ऐकू येईल."

सातव्या गाठीला त्याला ते ऐकू आलं. त्यानं पुढची तार मागितली. सुमित्रा उलट्या बादलीवर बसून डाव्या हातानं तुकडे करत राहिली, तो लहानपणी करायचा तसे हातहातभर. देवयानी आतून ढकले, तो बाहेरून फिरवी. शेवटच्या दहा गाठी त्यांनी फोनच्या उजेडात बांधल्या. मग सुमित्रानं सगळ्या सांध्यावरून एकदा हात फिरवला, पण बोटांना समजत नव्हतं, म्हणून तळहात फिरवला.

शुक्रवारी उजाडताना पाऊस नव्हता. ती काठी टेकत गेली. आधी मोजल्या. एक, दोन, तीन, चार. चौघी दांडीवर मधे, सासूबाई सगळ्यांत पुढं, बिनशेपटीची, रागावलेली.

मग तिनं जाळी बघितली.

खांबावर चिखलाचा हात उमटला होता. पाच बोटं, लांबट, लहान लेकराची असावीत तशी. त्याच्यापुढं जाळीवर चिखल, परत चिखल, सांध्याच्या रेषेनं. प्रत्येक गाठीवर बोटं टेकली होती, एकही सोडली नव्हती. ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत, कोपऱ्याला वळून पलीकडच्या बाजूलाही. कांचनच्या जागी तर चिखलाचा नुसता गिलावा. तिथं तो बराच वेळ बसला असणार. मग ठसे खाली उतरून कुंपणाकडे गेले होते.

आयुष्यात तिची बांधणी इतकी नीट कुणी तपासली नव्हती. साहेब लोक वरून बघून जायचे, मग काँक्रीट पडायचं आणि गाठी कायमच्या आत जायच्या.

आठ वाजता शोभनाकाकू पिंजरा घेऊन आल्या. सिद्धेश आणि देवयानी कप हातात घेऊन बाहेर उभे होते. काकूंनी ठसे बघितले, चष्मा वर करून परत बघितले. मग एकेका गाठीपाशी करंगळी घालून पुढं पुढं गेल्या. करंगळी कुठंच गेली नाही.

"इथपर्यंत एकदम सुबक आहे," त्या म्हणाल्या, "आणि इथून पुढं कुणी बांधलंय? सगळ्या गाठी वाकड्या."

"वाकड्या आहेत त्या माझ्या," सिद्धेश म्हणाला. त्यानं कप खाली ठेवला. "आईनं शिकवल्या. ती सळई बांधायची, काकू. पुलांवर, स्लॅबवर. चौदा वर्षं. विणकाम तिला येत नाही. ते मी उगाच म्हणालो."

सिद्धेशचे कान लाल झाले होते, पण त्यानं नजर खाली घातली नाही.

"म्हणजे यतीनची कानटोपी गेली," काकू म्हणाल्या. त्यांनी पिंजरा दाराशेजारी ठेवला. "हा राहू दे इथंच. व्हेटकडे न्यायला लागतो. सुमित्राताई, तो हात दाखवा बघू मला. आत्ता, इथं."

सुमित्रानं हात पुढं केला. काकू पेरं दाबून बघत होत्या, कुठं दुखतं विचारत होत्या. सगळीकडेच दुखत होतं, ती कुठं म्हणून सांगणार? तिची नजर सिद्धेशच्या खिशाकडे होती. काल खिशात टाकलेला आकडा अजून तिथंच होता, चिंधीचं टोक बाहेर लोंबत होतं. परत मागावा असं तिच्या मनात आलं. मग तिनं नाही मागितला.